शिमग्याआधीची मोजणी

माझे पणजोबा दोनदा वारले. पहिल्यांदा ऑक्टोबर 1918 मध्ये, दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी, वय 30. दुसऱ्यांदा मे 1930 मध्ये मुंबईत, वय 55. दोन्ही नोंदी सरकारी आहेत, दोन्हींत त्यांचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव तंतोतंत जुळतं. या दोन मृत्यूंच्या मधल्या काळात, 1926 साली, त्यांनी माझ्या आजोबांना गावच्या शाळेत घातलं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पालक म्हणून त्यांचं नाव आहे आणि शेजारी अंगठा.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. गावात ती आडनावं, ती घरं अजून आहेत आणि पुढे जे सांगायचं आहे ते आमच्या घरापुरतं खाजगी आहे.

परदेशात राहणाऱ्या मित्रांना हे सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जनगणनेची पत्रकं बघितलीस का? त्यांच्याकडे ते साधं असतं. अमेरिकेत 72 वर्षांनी माणसागणिक नोंदी खुल्या होतात, म्हणून 1950 ची जनगणना एप्रिल 2022 मध्ये लोकांच्या हाती आली. इंग्लंडमध्ये शंभर वर्षं थांबावं लागतं, तिथली 1921 ची पत्रकं त्याच वर्षी जानेवारीत उघडली. आपल्याकडे हा दरवाजाच नाही. मोजणी 1872 पासून होते आहे आणि 1881 पासून 2011 पर्यंत दर दहा वर्षांनी नेमाने झाली, पण सरकारला हवे होते आकडे. पत्रकांवरून चिठ्ठ्या करायच्या, चिठ्ठ्या खणांत वाटायच्या, मोजायच्या, तक्ते छापायचे. तक्ते निघाल्यावर मूळ कागद जपायचं कारण उरत नसे. पुढे 1948 च्या जनगणना कायद्याने तर स्पष्टच सांगितलं की या नोंदी कुणाला पाहता येणार नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. माझे पणजोबा 1901, 1911 आणि 1921 च्या जनगणनेत नक्की मोजले गेले असणार. मुंबईच्या 1911 च्या 9,79,445 माणसांत ते आहेत की रत्नागिरी जिल्ह्याच्या आकड्यात, हे मात्र कळायचा मार्ग नाही.

तरी या प्रश्नाने मला बरंच गुंतवून ठेवलं. जनगणनेच्या जुन्या तारखा मी एकदा पंचांगाशी लावून बघितल्या: 1 मार्च 1901, 10 मार्च 1911, 18 मार्च 1921, 26 फेब्रुवारी 1931. चारही रात्री फाल्गुन शुद्ध पक्षातल्या, पौर्णिमेच्या चार ते सहा दिवस अलीकडच्या. कारण व्यावहारिक होतं. शेवटची पडताळणी रात्री घरोघर फिरून व्हायची, मोजणारे बहुतेक शाळामास्तर, तलाठी, कुलकर्णी. गावात दिवे नाहीत, वाटा खाचखळग्यांच्या. त्यांना चांदणं हवं होतं. पण कोकणात फाल्गुन शुद्धातल्या त्या दिवसांना वेगळा अर्थ आहे. फाकपंचमीपासून शिमगा सुरू होतो. पालखी देवळातून बाहेर पडायची वेळ जवळ येते आणि मुंबईतला चाकरमानी गिरणीतून कशीबशी रजा काढून, नाहीतर सरळ खाडा करून, बोटीने गावाकडे निघतो. रत्नागिरी जिल्हा म्हणजे मुंबईला सर्वांत जास्त माणसं पुरवणारा जिल्हा. इथे पुरुषांपेक्षा बायकांची संख्या कायम जास्त, कारण कमावते हात मुंबईत. सरकारने माणसं जागच्या जागी सापडावीत म्हणून जी रात्र निवडली, नेमकी त्याच सुमाराला आमची माणसं दोन घरांच्या मध्ये होती.

प्रवासातल्या माणसांचीही सोय केलेली असायची. वाटेत मोजलं तर चिठ्ठी मिळायची, ती दाखवली की पुन्हा मोजायचं नाही. म्हणजे अशीही शक्यता आहे की पणजोबा एखाद्या जनगणनेत मुंबईचे नाहीत आणि दापोलीचेही नाहीत, हर्णैच्या बंदरावर उतरताना मोजलेले आहेत. मला ही शक्यता फार आवडते. त्यांचं आयुष्यच त्या ये-जा करण्यात गेलं होतं.

असो. मोजणीची पत्रकं नाहीत, तेव्हा हाताशी जे आहे त्यावर यायला हवं.

गेल्या दोन-तीन वर्षांत जुने कागद बघणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती 2023 मध्ये नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभरच्या अभिलेख कक्षांतली दप्तरं सोडली गेली. गाव नमुना 14, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या, खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, फेरफार, 1951 चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, अगदी तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची पुस्तकंसुद्धा. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. अनेक जिल्ह्यांनी पानं स्कॅन करून संकेतस्थळांवर ठेवली. त्यामागचा प्रश्न आरक्षणाचा होता आणि त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माझ्यासारख्या माणसाला त्यातून जे मिळालं ते वेगळंच: आपल्या पूर्वजांची नावं लिहिणारे हात दिसले. कुठे बोरूचं मोडी, कुठे बाळबोध, कुठे शाई सांडलेली.

नमुना 14, ज्याला गावात सगळे कोतवाल बुक म्हणतात, तो जन्ममृत्यूचा. जन्माच्या बाजूला मुलाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख. संपलं. त्यामुळे आमच्या घरात 1910 ते 1922 मध्ये जन्मलेली सगळी मुलं नुसती ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ आहेत, आणि त्यांतले आजोबा कोणते हे ओळखायला आपण आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींकडे वळतो. मृत्यूच्या बाजूला कारणाचा रकाना असतो: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, इजा, इतर. ऑक्टोबर 1918 च्या पानावर ‘ताप’ खाली उतरत जातो. एकाच घरातले दोन, पुढच्या घरातले तीन, मग शेजारची वाडी. एन्फ्लुएन्झा जूनमध्ये मुंबईत आला होता, पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या लाटेत तो सगळीकडे पसरला आणि देशात कोटीहून अधिक माणसं गेली. 1911 ते 1921 या दशकात भारताची लोकसंख्या घटली. तसं घडलेलं ते एकमेव दशक. हे वाक्य मी शाळेत भूगोलात पाठ केलं होतं. त्या पानावर ते मला पहिल्यांदा समजलं. लिहिणाऱ्याचं अक्षर सुरुवातीला गोल, नीट आहे. महिनाअखेरीस ते लवंडतं, जातीचा रकाना रिकामा राहायला लागतो, वयं सगळी 20, 30, 40 होतात. त्याच्याही घरात कुणी आजारी असेल.

पणजोबांची पहिली मृत्युनोंद या पानावर आहे. वय 30, ताप.

वयाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण कागद लावताना सगळे आधी वयालाच धरतात आणि तिथेच फसतात. जुन्या नोंदींत शून्य आणि पाचावर संपणारी वयं इतकी जास्त असतात, की जनगणनेच्या अहवालांत वयाचे तक्ते गणिताने सपाट करून घ्यावे लागत. माणसाला आपलं वय ठाऊक नसे. ‘प्लेगच्या साली पाळण्यात होतो’ इतकं ठाऊक असे. शाळेने तर तेही बाजूला ठेवलं. आजोबांची जन्मतारीख 1 जून 1920 आहे. त्या वर्गातल्या बहुतेक मुलांचा वाढदिवस 1 जूनला येतो, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघून साल ठरवायचे. तेव्हा 30 या आकड्याचा अर्थ ‘तरणा माणूस’ आणि 55 चा अर्थ ‘उतरत्या वयाचा’ एवढाच घ्यायचा. पण तेवढा तरी घ्यायलाच हवा. बारा वर्षांत माणूस पंचवीस वर्षांनी म्हातारा होत नाही.

दुसरी नोंद फेरफाराची. आमच्या भागात मुंबई इलाख्याच्या 1903 च्या कायद्यानंतर हळूहळू हक्कनोंदी आल्या. 1930 च्या फेरफारात म्हटलं आहे की अमुक खातेदार मे महिन्यात मुंबई मुक्कामी मयत, वारस पत्नी आणि दोन मुलं, पैकी मुलं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन. वय 55. वर्दी देणाऱ्याचा अंगठा. ही नोंद आमच्या घराला अनुकूल आहे, कारण आजोबा त्यांतले धाकटे.

याहून जुना कागद खोताकडचा. कोकणात खोती होती, म्हणजे कुळांकडून वसुली करून सरकारचा सारा खोत भरायचा, त्यामुळे जमिनीचा खरा हिशेब खोताच्या बोटखतात. कोण कूळ, किती मण भात द्यायचं, किती थकलं. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि ती कायद्याने गेली 1949 मध्ये; तोवर आमच्यासारख्या घरांचं अस्तित्व त्या एका वहीत, एका ओळीत असायचं. आमची ओळ पणजोबांच्या नावाची आहे. 1905 च्या सुमारापासून 1930 पर्यंत तेच नाव, मग पणजीचं. घरात किती भाऊ, कोण नांगर धरतं, कोण मुंबईला, याच्याशी खोताला काही देणंघेणं नव्हतं. भात कुणाच्या नावावर मागायचं तेवढं त्याला हवं होतं.

आता या सगळ्यात आमच्या घरातली एक जुनी गोष्ट घालायला हवी. ती अशी की पणजोबांनी दोन बायका केल्या होत्या. थोरली आमची पणजी, आणि दुसरी ‘धाकली’, जी वाडीच्या टोकाला वेगळी चूल मांडून राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. हे आमच्याकडे जाहीर नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं, आणि पणजोबांचं नाव निघालं की घरातल्या बायकांचा आवाज थोडा बदलायचा. मुंबईत राहणारा, पैसे वेळेवर न पाठवणारा, दोन बायकांचा नवरा. माझ्या आईने लग्न होऊन आल्यावर सासूकडून हेच ऐकलं. मीही हेच ऐकत मोठा झालो.

आणि ही गोष्ट कागदाने सिद्धही होत होती. 1951 चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर हे त्या वर्षीच्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरूनच उतरवलं गेलं, म्हणून आपल्याकडे माणसाच्या नावानिशी जनगणनेच्या सर्वांत जवळ जाणारा कागद तोच. त्यात आमच्या घरक्रमांकाखाली पणजी आहे: वय 70, विधवा, नवऱ्याचं नाव पणजोबांचं. दोन घरं सोडून धाकली: वय 55, विधवा, नवऱ्याचं नाव तेच. वाचताना मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

गाठ सुटली ती कागदावर नाही, म्हाळाच्या दिवशी.

आमच्या घरी भाद्रपदात दोन म्हाळ असतात, सप्तमीला आणि द्वादशीला. पितृपक्षात ज्याची मृत्यूची तिथी असेल त्या तिथीला त्याचं पान. आजोबांपर्यंत सगळ्यांनी दोन्ही दिवस पाळले. वडलांनी नोकरीमुळे एकत्र करून टाकले, गावी थोरली आत्या मात्र अजून वेगवेगळे करते. दोन का, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या वर्षी ती सप्तमीचे वडे तळत होती आणि मी ओटीवर फेरफाराची प्रत उलगडून बसलो होतो. मी विचारलं, “आत्या, पणजोबांचा म्हाळ कुठला?”

“बारशीचा. तो मुंबयचा.”

“आणि आजचा?”

“आजचा घरातला,” ती म्हणाली, आणि वडा उलटला. “आजचा धाकलीनंच लावलान. ती होती तवर तीच करायची. ती गेल्यावर आमच्या आयेनं घेतलान.”

त्या रात्री मी पंचांगातले जुने महिने लावले. फेरफारातला मे 1930 चा दिवस: वैशाख शुद्ध द्वादशी. कोतवाल बुकातला ऑक्टोबर 1918 च्या शेवटच्या आठवड्यातला दिवस: आश्विन वद्य सप्तमी.

दोन मृत्यू, दोन तिथ्या, दोन विधवा. म्हणजे दोन माणसं. थोरला मुंबईत, खोताच्या वहीत ज्याच्या नावाची ओळ होती तो. धाकटा गावात, त्याच ओळीवरचं भात पिकवणारा. एन्फ्लुएन्झात धाकटा गेला, तेव्हा घरोघर मढी निघत होती, आणि लिहिणाऱ्याने विचारलं असेल ‘कुणाच्या घरचं?’ उत्तर मिळालं ते लिहिलं. त्या घराचं नाव गावात एकच होतं. तेहतीस वर्षांनी मास्तर चिठ्ठ्या भरायला आले तेव्हा धाकलीला नवऱ्याचं नाव विचारलं असेल. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही तिची रीत. शेजारच्या कुणी तरी तिच्या वतीने सांगितलं असेल आणि सांगणाऱ्याला घराचं नाव ठाऊक होतं. कागदावर ती दिराची बायको झाली, आणि कागदाच्या आधीपासूनच लोकांच्या बोलण्यात झाली होती. बावीस-तेवीस वर्षांची विधवा, मुंबईहून येणारा थोरला दीर तिच्या पोटापुरतं भात बाजूला काढतो, एवढं पुरेसं असतं.

मी यातलं ‘असेल’ जाणूनबुजून लिहितो आहे. तिथ्या जुळणं ही गोष्ट भक्कम आहे. पितृपक्षातल्या पंधरा तिथ्यांतल्या दोन, त्याही दोन स्वतंत्र कागदांवर, योगायोगाने जुळाव्यात हे मला मान्य होत नाही. वयंही आता जुळतात: एक तीसचा, एक बारा वर्षांनी पंचावन्नचा, म्हणजे 1918 मध्ये भावाभावांत बारा-तेरा वर्षांचं अंतर. धाकली 1951 मध्ये 55, म्हणजे जन्म 1896 च्या आसपास. तीस वर्षांच्या माणसाला ती शोभते. शाळेच्या रजिस्टरातला 1926 चा अंगठाही आता मेलेल्या माणसाचा राहत नाही. मधल्या जागा मात्र मी भरलेल्या आहेत, आणि कुणी उद्या दुसरा कागद दाखवला तर त्या बदलतील.

मला राग आला तो या नोंदी चुकीच्या निघाल्या म्हणून नाही. एकही नोंद लबाडीने लिहिलेली नाही. खोताला भात हवं होतं, कोतवाल बुकाला रोगांची बेरीज, फेरफाराला महसूल कुणाकडून घ्यायचा ते, शाळेला हजेरीपट, 1951 च्या मास्तरांना घरटी चिठ्ठ्या. प्रत्येकाला आपापल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्या माणसाचं स्वतःचं नाव काय, हा प्रश्न एकाही रकान्यात नव्हता. राग आला तो आमचा आम्हालाच. सप्तमीचं पान कुणाचं आहे हे विचारायला चार पिढ्यांत कुणाला सवड झाली नाही, आणि त्या न विचारण्यातून एका माणसावर दोन बायकांचा डाग राहिला, एका बाईवर त्याहून वाईट. ती 1960 च्या दशकात गेली. तिला पाहिलेली आमच्यात आत्या एकटीच उरली आहे. आत्याच्या आठवणीत धाकली वाकलेली आहे, चुलीशी तंबाखूची मशेरी भाजते आहे, आणि आमच्या घरातल्या कुणाशी ती फारसं बोलत नाही.

आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे सासूबाईंना माहीत असणार.” मलाही तसंच वाटतं. आजीने तिचा म्हाळ पुढे घेतला, तो उगाच नाही. पण सुनेला मात्र तिने दोन बायकांचीच गोष्ट सांगितली. का, ते आता कुणाला विचारणार?

धाकट्याचं नाव अजून सापडलेलं नाही. जन्माच्या बाजूला तो ‘मुलगा’ असणार, आणि तेवढी जुनी कोतवाल बुकं आमच्या गावची मिळालेली नाहीत. एक जागा मात्र शिल्लक आहे. नाशिकला तीर्थोपाध्यांकडे गावागावांच्या वह्या असतात. गोदावरीवर अस्थी घेऊन आलेल्या माणसाला ते आधी गाव विचारतात, मग वही काढतात आणि येणाऱ्याकडूनच वंशावळ लिहून घेतात: स्वतःचं नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलं, आणि ज्याच्यासाठी आला त्याचं नाव. जिथे माणसाला त्याच्या भावाचं नाव मुद्दाम विचारलं जातं अशी दुसरी वही मला ठाऊक नाही. आत्या म्हणते, थोरले एकदा ‘नाशकाला जाऊन आले होते’, साथीनंतर, पुढच्या वर्षी की त्याच्या पुढच्या. आमच्या भागाची वही कुणाच्या घराण्याकडे आहे ते कळलं आहे. भावाभावांत वाटण्या झाल्यामुळे ती सध्या कुठल्या वाड्यात आहे, याची चौकशी चालू आहे. उपाध्यांनी फोनवर गाव आणि आडनाव लिहून घेतलं, आणि विचारलं, “कुणाचं नाव बघायचंय?”

मी म्हणालो, “तेच हवं आहे.”